दरवर्षी बी पेरूनही रोपे उगवत नाहीत: देशी झाडांच्या बियांची साठवण आणि बीजप्रक्रिया यांतला बिघाड कसा शोधावा

मार्चमध्ये भरलेल्या पिशव्यांना महिनाभर झारीने पाणी घातले आणि तरीही चारांतल्या एका पिशवीतसुद्धा कोंब दिसला नाही, की पहिला संशय मातीवर जातो. शेणखत कच्चे होते का, वाळू कमी पडली का, पाणी जास्त झाले का, असा शोध सुरू होतो, पुढच्या वर्षी माती बदलली जाते आणि पुन्हा तेच घडते. गेली अनेक वर्षे पठारी भागात देशी झाडांची रोपे तयार करताना माझी खात्री झाली आहे की या बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा पिशवीत नसते. बी पिशवीत पडण्याच्या आधीच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ते असते. बी कधी गोळा केले, ते कशात आणि किती दिवस ठेवले, पेरण्यापूर्वी त्याच्यावर कोणती प्रक्रिया केली, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय माती बदलण्यात अर्थ नाही.

‘बी उगवले नाही’ ही तक्रार एकच असली तरी तिच्यामागे तीन निराळ्या गोष्टी असू शकतात. बी मेलेले असते, बी झोपलेले असते किंवा बी जिवंत असूनही मातीत कुजते. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर उरलेसुरले बीही हातचे जाते. बहाव्याच्या झोपलेल्या बियांना गरम पाणी हवे असते; तेच पाणी कडुनिंबाच्या बियांवर ओतले तर त्या शिजतात. बाभळीचे बी जितके कोरडे ठेवावे तितके टिकते. जांभळाचे बी तसेच कोरडे ठेवले तर आठवड्या-दोन आठवड्यांत निकामी होते. म्हणून कोणताही उपाय करण्याआधी आपल्या हातातले बी या तिघांपैकी कोणत्या अवस्थेत आहे, हे ठरवणे आवश्यक आहे.

आधी बी कापून पाहावे

यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. साठवणीतल्या बियांपैकी वीस बिया न निवडता, हाताला येतील तशा घ्याव्यात आणि त्यांच्यासोबत न उगवलेल्या पिशव्या उकरून त्यांतल्याही दहा-पंधरा बिया काढाव्यात. रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी धारदार ब्लेडने प्रत्येक बी उभे चिरावे. आतला भाग टरफलाला भिडेल इतका भरलेला, टणक आणि त्या जातीच्या नेहमीच्या रंगाचा असेल तर बी जिवंत असण्याची शक्यता मोठी आहे. आतला गर आक्रसून टरफलापासून सुटला असेल, तपकिरी पडला असेल किंवा त्याला खवट तेलाचा वास येत असेल तर ते बी गेले. बी आतून पोकळ असेल तर ते मुळातच भरले नव्हते, आणि आत पांढरी अळी किंवा पीठ दिसले तर भुंगेऱ्याने ते खाल्ले आहे.

कडुनिंबाच्या बाबतीत ही परीक्षा विशेष उपयोगी पडते. लिंबोळीतले बी चिरल्यावर दले, म्हणजे बियांतली पहिली जाड बीजपाने, हिरवी दिसली तर ते बी पेरण्याजोगे असते. ती पिवळी किंवा तपकिरी दिसली तर पेरण्याचा खटाटोप करू नये. बहाव्याच्या बीत काचेसारखा कठीण गर असतो आणि त्याच्या मधोमध पातळ पिवळसर दले दिसतात. ती स्वच्छ पिवळी असली की जुने बीसुद्धा चालते. मातीतून उकरलेले बी पेरताना होते तसेच, कोरड्या खड्यासारखे कडक राहिले असेल तर ते झोपलेले आहे. ते फुगून बोटाने दाबताच पिचकत असेल तर एक तर ते पेरण्याआधीच मेलेले होते किंवा मातीत कुजले, आणि या दोहोंतला फरक साठवणीतल्या बिया चिरून पाहिल्यावर कळतो.

बी पाण्यात टाकून तरंगणारे फेकून देण्याची पद्धत सर्वत्र चालते, पण तिच्यावर एकटीवर विसंबू नये. त्या परीक्षेतून पोकळ आणि किडके बी वेगळे होते, इतकेच. साठवणीत मेलेले बी जिवंत बियांइतकेच जड असते आणि बिनतक्रार बुडते. उलट सागाच्या फळावर मऊ लवदार आवरण असल्यामुळे चांगले फळही तरंगते, आणि ही परीक्षा लावून सागाचे चांगले बी उकिरड्यावर टाकणारे लोक मी पाहिले आहेत.

मेलेले बी: साठवणीतला बिघाड

बियांच्या साठवणीचा सगळा विचार एका भेदावर उभा आहे. ई. एच. रॉबर्ट्स या शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये बियांचे दोन स्वभाव स्पष्टपणे वेगळे मांडले: वाळवण सोसणारे बी आणि वाळवण न सोसणारे बी. पहिल्या प्रकारचे बी झाडावरच बरेचसे सुकते, त्यातला ओलावा आणखी कमी केला तरी ते मरत नाही आणि थंड, कोरड्या जागी वर्षानुवर्षे टिकते. बाभूळ, खैर, शिरीष, बहावा, चिंच, साग ही झाडे या गटातली. दुसऱ्या प्रकारचे बी फळातून बाहेर पडते तेव्हा ओलेच असते आणि एका मर्यादेखाली वाळले की मरते. जांभूळ, आंबा, फणस, मोह ही झाडे त्यात येतात. या दोहोंच्या मधला तिसरा गट पुढे १९९० मध्ये मांडला गेला, आणि आपल्या ओळखीचा कडुनिंब त्या मधल्या गटात धरला जातो. थोडी वाळवण त्याला चालते, पण तो फार काळ टिकत नाही आणि ओलसर अवस्थेत थंडीही त्याला सोसत नाही.

माझ्या स्वतःच्या रोपवाटिकेत सर्वांत मोठे नुकसान या कडुनिंबानेच झाले. जुलैच्या सुरुवातीला झाडाखाली पडलेल्या पिकल्या लिंबोळ्या गोळा केल्या, घाईत गर पुरता न काढता त्या प्लॅस्टिकच्या गोणीत भरल्या आणि पिशव्या भरून होईपर्यंत सुमारे दीड महिना ती गोणी शेडच्या कोपऱ्यात राहिली. ऑगस्टच्या मध्यावर गोणीत हात घातला तेव्हा मधला भाग बाहेरच्या हवेपेक्षा स्पष्ट गरम लागला आणि आंबलेल्या वासाने नाक भरले. तरीही बी वरून ठीक दिसत होते म्हणून पेरले. रोपे बोटांवर मोजण्याइतकी आली. त्यानंतर उरलेले बी चिरले, तेव्हा जवळजवळ सगळी दले चहाच्या रंगाची झाली होती.

तेव्हापासून लिंबोळीचा क्रम मी असा ठेवला आहे. फळे पूर्ण पिकून जमिनीवर सडण्याआधी, हिरव्याची पिवळी होत असताना झाडावरून उतरवून घ्यावीत. त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी पाण्यात चोळून गर काढावा, बी स्वच्छ धुवावे आणि दोन-तीन दिवस सावलीत, सुपात किंवा बारदानावर पातळ पसरून वाळवावे. मग ते कापडी पिशवीत हवेशीर जागी टांगून ठेवावे आणि शक्यतो दोन-तीन आठवड्यांत पेरून टाकावे. उन्हात वाळवणे, ढीग घालणे आणि हवाबंद प्लॅस्टिक ही तिन्ही कामे कडुनिंबाच्या बाबतीत कटाक्षाने टाळावीत.

जांभूळ, फणस आणि मोह यांच्यासाठी सर्वांत चांगली साठवण म्हणजे साठवण न करणे. जांभळाचे बी गर धुऊन लगेच पेरावे. एका बीतून कधी कधी दोन-तीन कोंब येतात, त्यांतला एक जोमदार ठेवून बाकीचे कापावेत. काही कारणाने आठ-दहा दिवस थांबावेच लागले तर बी किंचित ओलसर वाळूत किंवा कोकोपीटमध्ये, तोंड उघडे असलेल्या कुंडीत सावलीला ठेवावे. अशा बियांना हवाही लागते, म्हणून ओले बी बंद डब्यात ठेवणे हे वाळवण्याइतकेच घातक ठरते. या झाडांचे बी कोणी विकायला आणले, तर विक्रेत्याला किंमत विचारण्याआधी बी कोणत्या आठवड्यात गोळा केले ते विचारावे. एका विक्रेत्याने मला मोहाचे बी ऑक्टोबरमध्ये ‘यंदाचेच आहे’ म्हणून दिले होते. ते यंदाचेच होते, पण मोहाचे बी जून-जुलैत पडते आणि काही आठवड्यांत त्याची उगवण संपते, हे मला त्या वेळी ठाऊक असते तर पैसे आणि हंगाम दोन्ही वाचले असते.

वाळवण सोसणाऱ्या बियांसाठी हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाचा एक ढोबळ नियम फार कामाचा आहे. बियांतला ओलावा १ टक्क्याने कमी झाला की त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने कमी झाले की तेही साधारण दुप्पट होते. हा नियम सुमारे ५ ते १४ टक्के ओलाव्याच्या मर्यादेतच लागू पडतो. आपल्याकडे त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की एप्रिलच्या उन्हात खडखडीत वाळलेले बी कापडी पिशवीत भरून ठेवले तर मेअखेरपर्यंत ते उत्तम असते, परंतु जुलैच्या दमट हवेत तेच बी हवेतला ओलावा शोषून घेते आणि दिवाळीपर्यंत त्याची उगवण निम्म्यावर येऊ शकते. म्हणून असे बी मृगाच्या आधी, कोरड्या दुपारी, काचेच्या बरणीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करावे.

बी पुरेसे वाळले आहे का, हे पाहण्यासाठी घरातले मीठ पुरते. मीठ तव्यावर कोरडे भाजून थंड करावे, कोरड्या बरणीत दोन-तीन चमचे मीठ आणि त्यावर मूठभर बी घालून झाकण लावावे आणि बरणी चांगली हलवून पंधरा-वीस मिनिटे ठेवावी. मीठ बरणीच्या काचेला चिकटून बसले तर बी अजून ओले आहे. मीठ मोकळे घरंगळले तर बंद करायला हरकत नाही. बरणी फ्रिजमध्ये ठेवली असेल तर बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर थंड बियांवर दव धरते आणि वाळवण्याची सगळी मेहनत पाण्यात जाते.

शेंगावर्गीय झाडांच्या बियांत आणखी एक शत्रू आधीपासून आत बसलेला असतो. खैर, शिरीष, बाभूळ, चिंच यांच्या शेंगांवर भुंगेऱ्याची मादी झाडावरच अंडी घालते, अळी बियांत शिरते आणि बी आपण बरणीत बंद केल्यावर महिन्याभराने गोल भोक पाडून भुंगेरा बाहेर येतो. त्यामुळे बरणी कितीही स्वच्छ असली तरी कीड ‘कुठून आली’ हे कळत नाही. शेंगा घरी आणल्यावर पोत्यात पडू न देता लगेच फोडाव्यात, भोके असलेले बी निवडून जाळून टाकावे आणि पूर्ण वाळलेले बी आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवून मग साठवावे. फ्रीजर नसेल तर चाळलेली शेणाची राख बियांत भरपूर मिसळावी. ओलसर बी मात्र फ्रीजरमध्ये कधीही घालू नये. आतल्या पाण्याचा बर्फ होऊन ते मरते.

झोपलेले बी: बीजप्रक्रियेतला बिघाड

कठीण टरफलाचे बी किती काळ झोपू शकते याचे एक उदाहरण मला नेहमी आठवते. आपल्या शिरीषाच्या जवळच्या एका जातीचे बी १७९३ मध्ये चीनमधून लंडनला नेले गेले आणि ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात कोरडे पडून राहिले. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात इमारतीला आग लागली, ती विझवताना बियांवर पाणी पडले आणि जवळजवळ दीडशे वर्षांनी ते उगवले. त्या बियांत जीव होता. टरफलातून पाणी आत जात नव्हते, एवढीच अडचण होती.

बहावा, बाभूळ आणि शिरीष यांच्या पिशव्या महिनोन् महिने रिकाम्या दिसतात त्या याच कारणाने. उपाय म्हणून पाणी उकळावे, भांडे चुलीवरून खाली उतरवावे, बियांच्या पाच-सहापट पाण्यात बी टाकावे आणि ते त्याच पाण्यात रात्रभर निवू द्यावे. भांडे चुलीवर असताना बी टाकणे ही या प्रक्रियेतली सर्वांत सामान्य चूक आहे आणि तिने बी हमखास मरते. सकाळी पाण्यात दोन तऱ्हेचे बी दिसते: काही बिया दुप्पट फुगून मऊ आणि फिकट झालेल्या असतात, तर काही अजून टणक आणि चकचकीत. फुगलेल्या लगेच पेराव्यात. न फुगलेल्यांना बियांचा डोळा सोडून विरुद्ध बाजूला नेलकटरने बारीकसा टवका काढावा किंवा पॉलिश पेपरवर घासावे, आणि पुन्हा एक रात्र साध्या पाण्यात ठेवावे. बहाव्याच्या बियांचा टवका काढताना कडक टरफलाखालचा भाग नुसता दिसू लागला की थांबावे. टवका खोल गेला तर कोंबाला इजा होते आणि त्या जखमेतून बुरशीला वाट मिळते.

काही ठिकाणी यासाठी तीव्र गंधकाम्ल वापरतात. ते परिणामकारक आहे, परंतु हातमोजे, चष्मा आणि अनुभवी माणूस सोबत नसताना त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काही शे रोपांसाठी नेलकटर पुरतो. बाभळीच्या बाबतीत तर शेळ्या हे काम आपल्यासाठी करतात: शेंगा खाल्लेल्या शेळ्यांच्या वाड्यातून झाडून गोळा केलेले बी पोटातून गेल्याने टरफल मऊ झाल्यामुळे लवकर आणि जास्त उगवते. खैराला यातले काहीच लागत नाही. साध्या पाण्यात एक दिवस भिजवले की पुरते, आणि त्यावर उकळते पाणी ओतणे हे नुकसानच आहे.

सागाची गोष्ट वेगळी आहे. आपण ज्याला सागाचे बी म्हणतो ते खरे तर फळ असते. आतल्या कठीण कवचात चार कप्पे असतात, त्यांतले काही रिकामे असतात, आणि ताज्या फळापेक्षा वर्षभर जुने फळ बहुधा बरे उगवते. १८४० च्या दशकात केरळातील निलंबूर येथे सागाची पहिली मोठी लागवड करतानाही सुरुवातीचे प्रयत्न बी न उगवल्यामुळेच फसले होते. आजही उपाय धीराचाच आहे: फळे बारदानात बांधून रात्रभर पाण्यात ठेवावीत, दिवसभर कडक उन्हात पसरून वाळवावीत आणि हे दहा-पंधरा दिवस रोज करावे. ओल आणि वाळवण यांच्या आलटून पालटून होणाऱ्या ताणाने कवच सैल होते. त्यानंतर फळे पिशवीत पेरू नयेत, गादीवाफ्यावर पेरावीत आणि उगवतील तशी रोपे उचलून पिशवीत लावावीत, कारण उगवण एकदम होत नाही आणि निम्म्या पिशव्या रिकाम्या राहतात.

हिरड्याला गर काढून, कोयीच्या रुंद टोकाला बेताने छेद देऊन दीड दिवस थंड पाण्यात ठेवल्यास फरक पडतो. चंदनाच्या ताज्या बियांत सुमारे दोन महिन्यांची सुप्तावस्था असते; घाई असेल तर १ लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम जिबरेलिक आम्ल (वनस्पतींचे एक वाढसंप्रेरक) घालून त्यात बी रात्रभर भिजवतात. चंदनाचे रोप पुढे पिवळे पडून खुंटते ते मात्र बियांच्या दोषाने नव्हे, तर ज्याच्या मुळांतून चंदन आपले पोषण घेते असे तुरीसारखे यजमान रोप पिशवीत नसल्याने.

उगवले, पण रोपे कमकुवत आणि असमान

साठवणीची हेळसांड झाली तर बी मरतेच असे नाही. अर्धवट थकलेले बी उगवते, पण उशिरा उगवते. दले टरफलाच्या टोपीतून सुटत नाहीत आणि पहिली पाने वेडीवाकडी येतात. जुन्या बियांच्या पेशींची आवरणे सैल झालेली असतात, त्यामुळे भिजल्यावर त्यांतून साखर बाहेर झिरपते आणि मातीतली पिथियमसारखी बुरशी तिच्याकडे ओढली जाते. म्हणूनच दोन-तीन पानांची रोपे जमिनीलगत पाणचट होऊन कोलमडतात तेव्हा त्याच मातीत, त्याच पाण्यावर ताज्या बियांची रोपे उभी असल्याचे अनेकदा दिसते. पाणी सकाळी एकदाच देणे, वाफ्यावर वारा खेळता ठेवणे आणि पेरताना किलोमागे ४ ते ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी चोळणे हे उपाय करावेतच. मात्र ट्रायकोडर्मा गरम पाण्याच्या प्रक्रियेनंतर, बी वरून सुकल्यावर लावावे, कारण तीही जिवंत बुरशी आहे आणि उष्णतेने मरते.

एकाच दिवशी पेरलेल्या बहाव्यात एक रोप वीतभर आणि शेजारचे नुकते दुपानी, असे दिसले तर प्रक्रिया असमान झाली आहे असे समजावे. उशिरा आलेले रोप शेजाऱ्याच्या सावलीत सापडते आणि जूनपर्यंत लावण्याजोगे होत नाही. फुगलेले आणि न फुगलेले बी वेगळे करून वेगळ्या रांगांत पेरले की हा प्रश्न बराचसा सुटतो. बी लहान-मोठे असेल तर तेही चाळणीने वेगळे करावे, कारण मोठ्या बियांत शिधा जास्त असतो आणि त्यांची रोपे पहिले दोन महिने पुढे राहतात.

मोड आणून पेरणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळावी. ओल्या गोणपाटात मूळ अर्धा सेंटीमीटरपेक्षा लांब वाढू दिले तर पेरताना ते मोडते किंवा वाकून बसते, आणि पिशवीत वाकलेले सोटमूळ पुढे कधीच सरळ होत नाही. असे रोप पिशवीत हिरवेगार दिसते आणि माळावर लावल्यानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात वाळते. बी त्याच्या जाडीच्या दीड-दोनपट खोलीवर, मूळ खालच्या दिशेला ठेवून पेरावे.

प्रत्येक बरणीवर मी आता झाडाचे नाव, गोळा केल्याची तारीख, ठिकाण आणि केलेली प्रक्रिया लिहिलेली चिठ्ठी चिकटवतो, आणि तीच चिठ्ठी बरणीच्या आतही टाकतो, कारण बाहेरची पावसाळ्यात निघून पडते. फेब्रुवारीत पिशव्या भरण्याआधी प्रत्येक बरणीतल्या पन्नास बिया ओल्या वाळूच्या ट्रेमध्ये पेरून किती उगवतात ते मोजतो. पन्नासांतल्या चाळीस उगवल्या तर पिशवीत एक बी पुरते, पंचवीस उगवल्या तर दोन टाकावे लागतात, आणि दहाच्या खाली आकडा गेला तर ते बी पिशवीत न घालता वाफ्यावर फेकून येतील तेवढी रोपे उचलतो.